किनवटच्या वाटेवरची स्मृतिस्थळे

भाद्रपद सरत आला की किनवटभोवतीच्या रानात सागाच्या शेंड्यांवर पांढुरके तुरे दिसू लागतात आणि पैनगंगेचे पाणी हळूहळू गढूळपणा टाकू लागते. नांदेड जिल्ह्याच्या ईशान्य अंगाचा हा डोंगराळ तालुका. नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा, पूर्वेला थोड्याच अंतरावर तेलंगणाची हद्द. बाजारात मराठीच्या जोडीला तेलुगू, उर्दू, बंजारा बोली आणि गोंडीही कानावर पडते. येथे येणारा प्रवासी बहुधा माहूरच्या रेणुकेसाठी येतो, उनकेश्वरच्या उष्ण झऱ्यांवर थांबतो, पावसाळ्यात सहस्रकुंडचा धबधबा पाहतो आणि परततो.

याच वाटेने दुसराही एक प्रवास करता येतो. तो नांदेडहून निघून किनवटमार्गे आदिलाबादला आणि तेथून इंद्रवेल्लीला पोहोचतो. अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, दोन दिवसांत सहज होणारे. या प्रवासात मंदिरे नाहीत, धबधबा असलाच तर गाडीच्या खिडकीपलीकडे. आहेत ती ज्या ठिकाणी माणसांनी माणसे मारली त्यांची स्मृतिस्थळे. काही ठिकाणी स्तंभ आहे, काही ठिकाणी केवळ नाव उरले आहे आणि काही ठिकाणी नावही नाही.

व्यापारी कुटुंबांचे प्रवास साधारणपणे तीर्थक्षेत्र, लग्नकार्य आणि बाजारपेठ यांभोवती आखलेले असतात. शिरपूर, कचनेर, कुंथलगिरी ही नावे लहान मुलांनाही पाठ असतात. अर्जापूर, कल्हाळी, गोर्टा, इंद्रवेल्ली ही नावे मात्र घरातील वडीलधाऱ्यांनाही क्वचितच ठाऊक असतात; आणि ठाऊक असली तरी मुलांसमोर ती निघत नाहीत. सुट्टीच्या दिवसांत असली ठिकाणे कशाला, असा प्रश्न घरात निघतो. तो प्रश्न गैर नाही. अशा ठिकाणी जाऊन माणूस नेमके काय घेऊन परततो, हे ठिकाणापेक्षा जाणाऱ्यावर अधिक अवलंबून असते.

प्रवासाचा प्रारंभ नांदेडच्या माता गुजरीजी विसावा उद्यानापासून करणे सोयीचे. तेथे मराठवाडा मुक्तिसंग्रामातील हुतात्म्यांचे स्मारक आहे आणि दर वर्षी १७ सप्टेंबरला सकाळी तेथे ध्वजवंदन होते. १९४८ साली १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. देश स्वतंत्र होऊन तेरा महिने उलटून गेले होते. मराठवाड्यातील पाच जिल्ह्यांना मात्र ती सकाळ तेव्हा दिसली. २०२४ साली १७ सप्टेंबर हाच अनंत चतुर्दशीचा दिवस होता. पर्वाची सांगता आणि मुक्तिदिन एकाच तारखेला आले, आणि त्यापाठोपाठ क्षमावाणी.

१९८० नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्र शासनाने राज्यभर सुमारे दोनशे हुतात्मा स्मारके बांधली. त्यांची घडण पुष्कळशी एकसारखी: एक दालन, एक स्तंभ, एक नामफलक. काही ठिकाणी कुलूप असते आणि किल्ली कोणाकडे आहे हे विचारत फिरावे लागते. काही ठिकाणी ओट्यावर धान्य वाळत घातलेले दिसते. त्याचा राग येण्याचे कारण नाही. ज्या गावासाठी ती माणसे मेली त्याच गावाचे ते धान्य आहे. प्रवाशाने करायचे काम एवढेच, की फलकावरील नावे सावकाश वाचावीत. नाव, गाव, आणि वय दिले असेल तर वय. वीस-बावीस वर्षांची नावे आली की सोबतची तरुण मुले आपोआप गप्प होतात.

आणि मग बारा-तेरा वर्षांचे एखादे मूल तो प्रश्न विचारते, जो या संपूर्ण प्रवासात पुन्हा पुन्हा ऐकावा लागतो: “यांना कोणी मारले?”

नांदेड परिसरात या प्रश्नाचे उत्तर देणे फारसे अवघड जात नाही. बिलोलीच्या वाटेवर अर्जापूर आहे. २९ ऑक्टोबर १९४६ रोजी तेथे गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. नांदेड जिल्ह्यात स्टेट काँग्रेसचे काम उभे करणारा हा कार्यकर्ता. आज तेथे त्यांचे स्मारक आहे आणि त्यांच्या नावाचे महाविद्यालयही. कंधार तालुक्यातील कल्हाळीची गढी अप्पासाहेब नाईक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रझाकारांच्या हल्ल्यापुढे लढवली आणि अनेकांनी तेथे प्राण दिले. लातूरच्या दिशेने सरहद्द ओलांडून बिदर जिल्ह्यात गेले की गोर्टा लागते. मे १९४८ मध्ये रझाकारांनी त्या एका गावात सुमारे दोनशे माणसे मारली. जीव मुठीत धरून बहुसंख्य लोक एका सधन सावकाराच्या वाड्यात दाटीवाटीने लपले म्हणून वाचले, असे तेथे सांगतात. तेथील स्मारकाचे लोकार्पण २०२३ मध्ये झाले, म्हणजे घटनेनंतर तब्बल पंचाहत्तर वर्षांनी. दगड उभा राहायला इतका काळ लागला. गावातील म्हाताऱ्यांना दगडाची गरज कधीच नव्हती.

या सर्व ठिकाणी मुलाला उत्तर मिळते: रझाकारांनी मारले. रझाकार म्हणजे मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेचे सशस्त्र स्वयंसेवक दल. त्यांचा प्रमुख कासिम रझवी हा लातूरला वकिली करणारा माणूस. पुढे त्याच्यावर खटला चालला, शिक्षा झाली, आणि १९५७ मध्ये सुटका झाल्यावर तो पाकिस्तानात निघून गेला. उत्तर खरे आहे. मात्र ते येथेच थांबवले तर मूल घरी एक चुकीची गोष्ट घेऊन जाते, म्हणून त्यात दोन नावे जोडणे आवश्यक ठरते.

पहिले नाव शोएबुल्ला खान यांचे. हैदराबादेत ‘इमरोज’ हे उर्दू दैनिक चालवणारा हा तरुण संपादक संस्थानाने भारतात विलीन व्हावे असे लिहीत होता. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री घरी परतताना रझाकारांनी त्याला गाठले, गोळ्या घातल्या आणि ज्या हाताने तो लिहीत असे तो हात तोडला. दुसरे नाव माणसाचे नाही, गावाचे आहे, आणि ते मराठवाड्यातील प्रत्येक व्यापाऱ्याच्या तोंडात रोज असते: लातूर.

सैन्याच्या विजयानंतरच्या आठवड्यांत संस्थानात काय घडले हे पाहण्यासाठी पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाठवले. १९४८च्या अखेरीस त्यांनी जिल्हे पालथे घातले. त्यांच्या अहवालानुसार सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना बसली आणि तेथे मारल्या गेलेल्यांची संख्या अठरा हजारांहून कमी नव्हती. हे मेलेले प्रामुख्याने मुसलमान होते. सूड रझाकारांवर उगवायचा होता, तो हाती लागलेल्यांवर उगवला गेला. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. तेथे कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांच्या मोठ्या पेढ्या होत्या. अहवाल सांगतो की लातुरात वीस दिवसांहून अधिक काळ हत्या चालू राहिल्या; दहा हजारांच्या मुसलमान वस्तीपैकी जेमतेम तीन हजार माणसे गावात उरलेली आढळली; हजारावर मारली गेली होती आणि बाकीची केवळ प्राण घेऊन, सर्व व्यापार बुडवून पळाली होती. हा अहवाल तत्कालीन शासनाने स्वीकारला नाही आणि कित्येक दशके तो प्रसिद्धही झाला नाही.

लातूरच्या बाजारपेठेत आज फिरणाऱ्या प्रवाशाला या वीस दिवसांचा दगड कोठेही आढळत नाही. डाळींची उलाढाल, अडतीची दुकाने, हमालांची ये-जा चाललेली असते. एके काळी शेजारच्या गादीवर बसणारा, आपल्याच वजनकाट्यावर विश्वास ठेवणारा, हुंडी वटवणारा व्यापारी एका महिन्यात दिसेनासा झाला, तेव्हा उरलेल्या गाद्यांवर काय बोलले गेले असेल? याच अहवालात आणखी एक नोंद आहे. काही ठिकाणी हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना वाचवले, आणि ही आपुलकी समव्यवसायी लोकांत विशेष दिसली. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे रक्षण केले, त्यापायी काहींनी प्राणही गमावले. मागावर शेजारी बसणाऱ्याला जे सुचले ते गादीवर शेजारी बसणाऱ्यांपैकी कितींना सुचले, हा प्रश्न लातूरच्या बाजारात उभे राहून टाळता येत नाही.

येथून मार्ग पुन्हा किनवटकडे वळतो. नांदेडहून आदिलाबादकडे निघालेली गाडी मुदखेडला मुख्य मार्ग सोडते आणि भोकर, हिमायतनगर करीत रानात शिरते. हिमायतनगरचे जुने नाव वाढोणा. तेथील महाविद्यालयाला हुतात्मा जयवंतराव पाटील यांचे नाव आहे. पुढे सहस्रकुंड, बोधडी, आणि किनवट. डाव्या हाताला कोठे तरी पैनगंगा सोबत करीत असते. १९४८ पर्यंत ही नदी म्हणजे दोन राज्यांची सीमा होती. अलीकडे निजामाचे संस्थान, पलीकडे वऱ्हाड. पलीकडच्या काठावर उमरखेडला मुक्तिसैनिकांची छावणी होती. तिकडून रात्री नदी ओलांडून टोळ्या येत आणि पहाटेपूर्वी परतत.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने ही सीमा निराळीच होती. संस्थानात येणाऱ्या मालावर करोडगिरी, म्हणजे जकात, द्यावी लागे. नाण्यांचाही भेद: पलीकडे इंग्रजी ‘कलदार’ रुपया, अलीकडे निजामाचा ‘हाली सिक्का’, आणि शंभर कलदारांसाठी सुमारे एकशे सोळा हाली मोजावे लागत. सरहद्दीवरच्या प्रत्येक दुकानात दोन्ही नाण्यांचा हिशेब एकाच वहीत चाले. करोडगिरीचे नाके हे मुक्तिसैनिकांच्या हल्ल्यांचे पहिले लक्ष्य ठरले, ते काही योगायोगाने नव्हे. राज्यसत्तेशी सामान्य माणसाची गाठ पडे ती नाक्यावरच. ३० जानेवारी १९४८ रोजी उमरीच्या बँकेवर मुक्तिसैनिकांनी धाड घातली. दिल्लीत गांधीजींची हत्या झाली तीच ही तारीख. लढ्यासाठी आणलेल्या त्या पैशाचा हिशेब ठेवला गेला, ही बाब व्यापारी घरांतील जुनी मंडळी आवर्जून सांगतात. बंदुकीच्या गोष्टीपेक्षा हिशेबाची गोष्ट त्यांच्या मनात अधिक टिकली, हे स्वाभाविकच म्हणायचे.

किनवट गावात एक मोठे मैदान आहे. सभा, खेळांचे सामने, जाहीर कार्यक्रम तेथेच होतात. त्याचे नाव ‘हुतात्मा गोंडराजे मैदान’. बाहेरून आलेला प्रवासी हे नाव वाचून क्षणभर थबकतो, कारण मुक्तिसंग्रामाच्या फलकांवर जी नावे त्याने आतापर्यंत वाचली त्यांत गोंड क्वचितच दिसले. हे नाव दुसऱ्याच इतिहासाचे आहे, आणि तो समजण्यासाठी किनवटचा जुना पत्ता आठवावा लागतो. १९५६च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत किनवट तालुका मराठवाड्यात नव्हता. तो आदिलाबाद जिल्ह्यात होता. राजुरा, किनवट आणि इस्लापूरचा परिसर तेव्हा आदिलाबादेतून तोडून मराठी मुलखाला जोडले गेले. जिल्हा बदलला, भाषा बदलली नाही, आणि रानातल्या गोंड-कोलामांना नदीच्या कोणत्या काठावर कोणते राज्य आहे याने फारसा फरक पडला नाही.

त्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात निर्मल येथे रामजी गोंड आणि त्याच्या साथीदारांना १८६० साली फाशी दिल्याची परंपरा सांगितली जाते. एकाच वडाला हजार माणसे टांगली, म्हणून त्या झाडाला तेलुगूत ‘हजार फासांचा वड’ अशा अर्थाचे नाव पडले. झाड आता नाही. जोडेघाटला १९४० साली निजामाच्या पोलिसांशी लढताना कुमराम भीम मारला गेला. जल, जंगल, जमीन ही घोषणा त्याच्या नावाशी जोडलेली आहे. त्या उठावानंतर निजाम सरकारने ख्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांचा अभ्यास करण्यास सांगितले. तो मारलवाई या गावात राहिला. तेथे गोंड शिक्षक तयार करण्यासाठी जी पुस्तके निघाली ती गोंडी भाषेत पण देवनागरी लिपीत होती. या रानातील माणसांना अक्षरओळख झाली ती मराठी वाचकाला ओळखीच्या असलेल्या लिपीतून.

मग गोंड उठले कशासाठी? हायमेनडॉर्फच्या नोंदी या बाबतीत स्पष्ट आहेत. एका बाजूने वनखात्याने राखीव जंगल आखले आणि पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन काढून घेतली. दुसऱ्या बाजूने मैदानी मुलखातून आलेले शेतकरी, व्यापारी आणि सावकार यांच्याकडे ती जमीन कर्जापोटी, कधी कोऱ्या कागदावरच्या अंगठ्यापोटी गेली. या दुसऱ्या बाजूतील पुष्कळ जण मराठी बोलत होते.

किनवटहून आदिलाबाद तास-दीड तासाचे. तेथून गुडीहतनूरमार्गे इंद्रवेल्ली सुमारे चाळीस किलोमीटर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस आणि तूर, मधूनमधून मोहाची जुनी झाडे. बाजारात मराठी सहज चालते. भाव विचारायला दुभाष्या लागत नाही. गावाबाहेर लाल रंगाचा उंच स्तंभ उभा आहे.

२० एप्रिल १९८१. सोमवार, इंद्रवेल्लीच्या आठवडी बाजाराचा दिवस. गिरिजन रयतू कूली संघाने त्या दिवशी सभा ठेवली होती. मागण्या साध्या होत्या: कसत असलेल्या जमिनीचे पट्टे द्यावेत, वनखात्याचा जाच थांबवावा, सावकार आणि व्यापारी यांच्याकडून होणारी लुबाडणूक थांबवावी. आयत्या वेळी सभेची परवानगी काढून घेतली गेली. ही बातमी दूरच्या पाड्यांपर्यंत पोहोचणार कशी? लोक सभेसाठीही आले आणि बाजारासाठीही आले. पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृत्यूंचा. नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनांच्या मते तो त्याच्या कित्येक पट होता. पुढे १९८३ मध्ये तेथे स्तंभ उभारला गेला, १९८६ मध्ये तो पाडला गेला, नंतर पुन्हा बांधला गेला. त्यानंतरही वर्षानुवर्षे २० एप्रिलला तेथे जमावबंदी लागू असे. आपल्या मेलेल्यांना फूल वाहायला जाण्यासाठी गोंडांना परवानगी मागावी लागे. अलीकडे ती बंधने सैल झाली आहेत.

आणि येथे ते मूल पुन्हा विचारते: “यांना कोणी मारले?”

पोलिसांनी, हे उत्तर खरे आहे. पण त्या दिवशीच्या मागण्यांच्या यादीत व्यापाऱ्याचे आणि सावकाराचे नाव का आले, हे मूल लगेच विचारणार. अर्जापूरला आणि गोर्ट्याला व्यापारी घरातला प्रवासी मेलेल्यांच्या बाजूला उभा असतो. त्याला आपले स्थान शोधावे लागत नाही. इंद्रवेल्लीच्या स्तंभासमोर त्याचे पाय कोठे टेकलेले आहेत हे त्याला पाहावे लागते. पैशाच्या व्यवहाराचा या रानातील इतिहास सरसकट काळा नाही. बँक नव्हती, सोसायटी नव्हती, तेव्हा मृगाच्या आधी बी-बियाणे आणि पावसाळ्यात मीठ-मिरची उधार देणारा दुकानदारच होता. हिवताप अंगावर काढत रानाच्या तोंडाशी दुकान थाटणारे ते लोक काही सुखात राहत नव्हते. हेही खरे की सवाई-दिढीने दिलेले धान्य खळ्यावरच मोजून घेतले जाई आणि मोजणारे माप देणाऱ्याचे असे. दोन-तीन वर्षे पीक बुडाले की जमीन वहीत जमा होई. यात कोणी कोणावर हात उगारला नाही. कायदा मोडला असेही पुष्कळदा म्हणता येत नव्हते; १९७० मध्ये आंध्र प्रदेशाने अनुसूचित क्षेत्रातील जमीन बिगर-आदिवासींकडे जाण्यास बंदी घातली आणि महाराष्ट्रानेही आदिवासींची गेलेली जमीन परत देण्याचा कायदा १९७५ मध्ये अमलात आणला, ते हे सर्व होऊन गेल्यावर.

अहिंसेचा विचार सांगताना घरोघरी मुंगी, रात्रिभोजन, कंदमूळ यांची चर्चा होते. मापाची होते का? आचारग्रंथांत कमी-जास्त मापे ठेवणे हा अचौर्य व्रताचा अतिचार म्हणून स्वच्छ सांगितलेला आहे, म्हणजे पूर्वजांना ही गोष्ट सुचली नव्हती असे नाही. क्षमावाणीच्या दिवशी मंदिराच्या आवारात जे समोर येतात त्यांची क्षमा मागितली जाते, आणि ते सर्व ओळखीचे असतात. इंद्रवेल्लीच्या पाड्यांतले कोणी त्या आवारात येत नाही.

या ठिकाणी जाणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक गोष्टी. एप्रिलमध्ये या पट्ट्यातील ऊन सोसवत नाही. सप्टेंबर ते जानेवारी हा काळ बरा. पौषात इंद्रवेल्लीजवळच केसलापूरला नागोबाची जत्रा भरते, मेश्राम कुळाचे गोंड दूरदूरहून चालत येतात. त्या दिवसांत गेल्यास ही माणसे केवळ स्तंभावर कोरलेल्या दुःखापुरती नाहीत, हे मुलांना दिसते. स्तंभापाशी चपला काढाव्यात. हसऱ्या चेहऱ्यांची छायाचित्रे तेथे घेऊ नयेत; फुले आणि नारळ यांपेक्षा तेथे कोणी वृद्ध भेटल्यास त्यांच्याजवळ थोडा वेळ बसणे अधिक योग्य. ते मराठीत बोलतात. बोलले नाहीत तर आग्रह करू नये. “तुम्ही कुठले, काय करता,” असे त्यांनी विचारले आणि उत्तर ‘दुकान आहे’ असे आले, तर समोरच्या चेहऱ्यावर काही बदलते का याकडे फार लक्ष देऊ नये. बहुतेक वेळा काही बदलत नाही आणि चहा येतो.

परतीची गाडी किनवटला थांबते तेव्हा आठवडी बाजार उठत आलेला असेल तर फलाटावरही डिंक, चारोळी आणि मोहाचा वास रेंगाळतो. पाड्यांवरून आलेल्या बाया पाट्या डोक्यावर घेऊन परतत असतात. बाजारातल्या काट्यांवर आता आकडे उजळतात. घेणारा आणि देणारा दोघांनाही ते दिसतात.

या मार्गावरील अनेक जुन्या व्यापारी घरांच्या माळ्यांवर लाल कापडात गुंडाळलेल्या चोपड्या अजून पडून आहेत. वाळवीने काही संपवल्या, काही दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेल्या. उरलेल्यांत पहिल्या पानावर स्वस्तिक आणि कुंकवाचे बोट, आणि पुढे खातेवार नावे: आत्राम, मडावी, सिडाम, मेश्राम, कुमरे, नावासमोर गाव, धान्याचे माप, आणि निळसर शाईचा अंगठा. स्तंभापाशी जाऊन आलेल्या मुलाला ही चोपडी उघडून दाखवायची की नाही, हे ज्याच्या त्याच्या घरी ठरते.